पंधरावी खेप

झाडे सर, तुमच्या शोकसभेत मी तक्रार केली.

अशा वेळी लोक उभे राहतात, फोटोकडे बघून हात जोडतात, दोन शब्द बोलतात आणि खाली बसतात. मी उभी राहिले आणि म्हणाले, "माझी तक्रार आहे." प्राचार्यांनी घड्याळात पाहिलं. पहिल्या रांगेत तुमच्या शोभाताई मान खाली घालून बसल्या होत्या, त्यांनी मान वर केली. तुम्ही असता तर काय केलं असतं ते मला पाठ आहे. चष्मा कपाळावर चढवला असता, तक्रारवही माझ्यापुढे सरकवली असती आणि म्हटलं असतं, "लिवा मॅडम. खाली नाव लिवा."

त्याला आज अकरा दिवस झाले. तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं म्हणते आहे आणि रोज काहीतरी निघतं. पेपर तपासायचे राहिलेत. तपासणीला समिती येणार म्हणून फायली लावायच्या आहेत. त्यातली एक 'विद्यार्थ्यांमधील नेतृत्वविकास' अशी आहे. तिच्यात फोटो कमी पडले, म्हणून परवा वीस पोरांना ओळीत उभं करून, हातात झाडू देऊन फोटो काढले. झाडू परत घेतले आणि मैदान होतं तसंच राहिलं. मी दमले आहे, सर. शिकवून दमले असते तर काही वाटलं नसतं.

तुमच्याबद्दल लिहून द्या म्हणून कॉलेजच्या वार्षिकांकवाल्यांनी मला कागद दिला. जन्म, शिक्षण, सेवा, निवृत्ती. ते मी कार्यालयातून मागवून त्यांना देऊन टाकलं. हे जे लिहिते आहे ते त्यांच्यासाठी नाही.

तुम्ही राज्यशास्त्राचे, मी अर्थशास्त्राची. विद्यार्थी परिषदेच्या कामाला एक मॅडम पाहिजे, असा नियम होता, आणि त्या वर्षी जी मॅडम बाळंतपणाच्या रजेवर नव्हती ती मी होते. माझी निवड अशी झाली. कॉलेजातल्या निवडणुका तेव्हा नुकत्याच बंद झाल्या होत्या. त्याआधीची वर्षं आपण दोघांनी पाहिलेली होती. भिंती रंगलेल्या, जीपा फिरताहेत, मतदानाच्या आदल्या दिवशी निम्मे वर्गप्रतिनिधी कोणाच्या तरी शेतावर नेऊन ठेवलेले, गेटवर पोलीस. मग कायदा बदलला आणि ठरलं, की वर्गात जो पहिला तोच वर्गप्रतिनिधी. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी सुस्कारा सोडला. मीही सोडला. तुम्ही एकटेच चहा तसाच ठेवून बसला होता. म्हणालात, "भांडन गेलं नाई मॅडम, भांडनाची जागा गेली."

परिषदेच्या पहिल्या बैठकीला चौदा पहिले नंबर आले. चांगली मुलं होती बिचारी. सगळ्यांच्या हातात वह्या, केस पाणी लावून विंचरलेले. तुम्ही विचारलंत, कॉलेजात काय बदलायला पाहिजे. चौदाही जणांनी ते वहीत लिहून घेतलं. एकानं हात वर करून विचारलं, "सर, याचे मार्क कुठे धरतात?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी खिडकीबाहेर पाहिलं, नाहीतर मला हसू आलं असतं.

त्यानंतर तुम्ही शनिवार सुरू केला. दुपारी दोनला, ग्रंथालयाच्या मागे, सायकल स्टँडच्या पत्र्याच्या सावलीत. एक सतरंजी, एक वही आणि कागदाच्या पुड्यात शेंगा. पहिला नंबर असो की नापास, कोणीही यावं. नियम एकच. जो तक्रार करील त्याच्याच गळ्यात ते काम पडेल. "जो बोंबलन, तो निस्तरन." वहीत तीन रकाने होते: तक्रार, नाव, निस्तरलं का. प्राचार्यांना तो शब्द आवडला नव्हता. त्यांनी 'निवारण' करायला सांगितलं. तुम्ही हो म्हणालात आणि निस्तरलं हेच लिहीत राहिलात.

कोणी कागद द्यायचा नाही, शिफारस आणायची नाही, आणि आपण दोघांनी त्यात बोट लावायचं नाही. पोरगा कार्यालयात चार वेळा हाकलला गेला तरी नाही. मला हे पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं. मी म्हणायचे, अहो, ही लेकरं आहेत, खेड्यावरून आलेली, साहेबासमोर यांची जीभ टाळूला चिकटते. तुम्ही म्हणायचे, "मंग चिकटू द्या. निंघन कवातरी."

पोट्टे काय कमी असतात का. महिनाभरात त्यांना नियमातली खोच कळली: तोंड उघडलं की काम लागतं. तोंडं बंद झाली. तीन शनिवार आपण तासभर सतरंजीवर बसलो आणि वीस-बावीस पोरं आपल्याकडे बघत शेंगा खात बसली. पंख्यापासून पाण्यापर्यंत सगळं बिघडलेलं, पण तक्रार कोणाचीच नाही. चौथ्या शनिवारी तुम्ही स्वतः वही उघडलीत आणि लिहिलंत: "सभेत कोणी बोलत नाही." खाली स्वतःचं नाव. मग नियमाप्रमाणे ते निस्तरायला पंधरा दिवस वर्गावर्गात, कॅन्टीनमध्ये, सायकल पंक्चरच्या दुकानापाशी पोरांमागे फिरलात. स्टाफरूममध्ये लोक म्हणाले, झाड्यांचं डोकं फिरलं. मला तेव्हा तुमचा पहिल्यांदा अभिमान वाटला. मी तसं तुम्हाला सांगितलं नाही, वरून चिडवलंच असेल.

आणि तो बी.कॉम.चा पहिला नंबर आठवतो? त्याची तक्रार अशी होती, की ही सभाच वेळेचा अपव्यय आहे. तुम्ही त्याला वर्षभर सभेचा अध्यक्ष केलंत. त्या वर्षी सभा बरोबर चाळीस मिनिटांत संपायची आणि मला घरी जाऊन झोप मिळायची. इतकी चांगली सभा पुन्हा झाली नाही.

आता रंजना. हिच्यावर येणं मी इतका वेळ टाळते आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची पोरगी, आर्वी रोडवरच्या एका गावाची. सावळी, उंच, बोलताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळणारी. दोन महिने शनिवारी येऊन मागे बसायची. एकदा उभी राहिली. प्रॅक्टिकल सव्वापाचला सुटतं आणि गावाकडची गाडी साडेचारला निघते. त्यानंतरची थेट सातला. "सातच्या गाडीनं घरचे येऊ देत नाईत जी. मंग आमी अर्धं प्रॅक्टिकल टाकून पळतो. अकरा पोरी आहोत आमी त्या रोडच्या. तीन जनीईनं सायन्स सोडून आर्ट घेतलं." एवढं बोलून ती बसली आणि मग तिला नियम आठवला. तिचा चेहरा पडलेला मी पाहिला. तुम्ही वही तिच्याकडे दिलीत.

ती एस.टी.च्या आगारात जायला लागली. पहिल्यांदा तिला साहेबांच्या खोलीपर्यंत कोणी पोचू दिलं नाही. दुसऱ्यांदा सांगितलं, अर्ज आणा. मग सह्या आणा. मग कॉलेजचं पत्र आणा. तुम्ही पत्र दिलं नाहीत. तुम्ही तिला सांगितलंत की ते प्राचार्यांकडून तिनंच मिळवावं, आणि त्यात तिचे तीन हप्ते गेले. मग गावाचा ठराव आणा. ती गावात घरोघर फिरली, सरपंचाच्या दारात बसली आणि ठराव आणला. अठरा वर्षांची पोरगी, सर. माझ्या घरची असती तर मी तिला एकटीला बाजारात पाठवली नसती.

दिवाळी जवळ आली होती. लेडीज रूममध्ये ती नळाखाली तोंड धूत होती, धूतच होती. मी विचारलं तर म्हणाली, "बाबा म्हनते दिवाळीपावतर गाडीचं झालं त ठीक, नाई त कॉलेज बंद. पाहुने येऊन राह्यले मॅडम मले पाहाले." चौदा खेपा झाल्या होत्या. चौदाव्या खेपेला साहेब म्हणाले होते, "पुढच्या हप्त्यात येजो, पाहतो."

मी तशीच तुमच्याकडे आले. तुम्ही सायकल स्टँडखाली एकटे बसला होता, शेंगा फोडत. मी म्हटलं, सर, आता पुरे. तुमची आगारात ओळख आहे, एक शब्द टाका. तुम्ही वर न बघता म्हणालात, "नाई. तिची तक्रार आहे. तिले निस्तरू द्या."

"आणि तिचं लग्न लागलं तर?"

तुम्ही आणखी एक शेंग फोडलीत.

"तुम्ही निर्दय आहात, सर," मी म्हटलं. "तुम्हाला पोरांचं काही पडलेलं नाही. तुम्हाला तुमच्या नियमाचं पडलंय."

"असन," एवढंच तुम्ही म्हणालात. तुमच्यासमोर कागदावर सोललेल्या दाण्यांचा हा एवढा ढीग होता. मला त्याचाही राग आला. पोरीच्या जिवाशी आलंय आणि हा माणूस आरामात शेंगा सोलतोय.

त्या संध्याकाळी मी आमच्या यांना सांगितलं. यांचं हार्डवेअरचं दुकान तुम्हाला ठाऊक आहे. आगाराचे साहेब तेव्हा पिपरी मेघेत घर बांधत होते आणि खिळ्यापासून नळापर्यंत सगळं आमच्याकडून नेत होते. यांनी दुकानातून फोन लावला. माझ्यासमोर, दोन मिनिटं. "आमच्या बाईच्या कॉलेजातल्या पोरी आहेत साहेब, पाहा जरा." फोन ठेवला आणि म्हणाले, "होऊन जाईन. तू काऊन रडून राह्यली?"

पुढच्या सोमवारपासून गाडी पाच चाळीसची झाली.

रंजना पळत आली ते अजून दिसतं मला. घामानं चेहरा ओला, ओढणी खांद्यावरून घसरलेली आणि तिला भान नाही. पोरींनी पेढे आणले. तुम्ही वही उघडलीत आणि तिसऱ्या रकान्यात 'निस्तरलं' लिहिलंत. मला म्हणालात, "पाह्यलं मॅडम? आपन बोट लावलं नाई." मी पेढा तोंडात टाकला आणि मान डोलावली.

तिथून पुढे दरवर्षी, नव्या सत्राच्या पहिल्या शनिवारी, नव्या पोरांना तुम्ही ती गोष्ट सांगायचे. पाच चाळीसच्या गाडीची. कशी एक पोरगी, कोणाची ओळख नाही, पाळख नाही, चौदा खेपा मारून गाडी बदलवते. पुढे पुढे तुमच्या तोंडी चौदाच्या एकवीस झाल्या. मी शेजारी बसलेली असायचे. पोरांचे डोळे मोठे व्हायचे. त्यातली कितीतरी त्या गोष्टीवर पुढची तीन वर्षं चालली, हे मी स्वतः पाहिलंय. कोणी वसतिगृहातलं पाणी सुरळीत केलं, कोणी परीक्षेचे अडकलेले निकाल विद्यापीठातून सोडवून आणले. एकानं तर तुमच्याविरुद्धच तक्रार लिहिली, की सर इतिहासाच्या पोरांना कमी बोलू देतात, आणि मग तुम्हाला सुधारायचं काम त्याच्याच गळ्यात पडलं. बारा-तेरा वर्षं हा सगळा डोलारा ज्या गोष्टीवर उभा होता, ती गोष्ट खोटी होती आणि ते मला एकटीला माहीत होतं.

मग सांगितलं का नाही? पहिल्या वर्षी तुमची भीती वाटली. दुसऱ्या वर्षी रंजनाची दया आली. ती विद्यापीठ प्रतिनिधी झाली होती, ताठ मानेनं चालायला लागली होती. मग वाटलं, गोष्टीनं पोरांचं भलंच होतंय, आपण कशाला पाय ओढा. मग माझीच सवय झाली. तुमच्याशी नेतृत्व शिकवता येतं की नाही यावर मी तावातावानं भांडायचे. मी म्हणायचे, हात धरून शिकवावं लागतं. तुम्ही म्हणायचे, "शिकवता येत नाई. जागा रिकामी ठेवता येते. कोनीतरी येऊन बसते." आणि मग तुम्ही रंजनाचा दाखला दिला की मी हरल्यासारखी गप्प बसायचे. पोटात एक वाक्य दाबून हरायचे. तुम्हाला वाटायचं, मॅडमला पटतंय.

निवृत्तीनंतरही तुम्ही शनिवारी येत राहिलात. लोक हसायचे. पोरं चाळीसची वीस झाली, मग दहा-बारा. मोबाइल आले, क्लासेस आले, शनिवारी दुपारी कोणाला वेळ राहिला नाही. तुम्ही सतरंजी टाकायचे आणि झटकून पुन्हा ठेवून यायचे. मी कधी यायचे, कधी डोकं दुखायचं. खरंच दुखायचं बरं का.

सावंगीच्या दवाखान्यात तुम्हाला भरती केलं तेव्हा मी दोनदा आले. दुसऱ्यांदा तुमचा आवाज बसला होता. शोभाताई खाली औषधं आणायला गेल्या होत्या. तुम्ही म्हणालात, "शनिवार तुमी घ्या, मॅडम."

मी म्हटलं, "बघू."

तुम्ही हसलात. "बघू म्हंजे नाई."

आपल्या दोघांतलं ते शेवटचं बोलणं. तुम्हाला वाटलं असेल, ही कंटाळली. कंटाळले होतेच. पण नाही म्हणायचं कारण ते नव्हतं. जिनं फोन करवला तिनं त्या सतरंजीवर बसून पोरांना 'बोट लावू नका' काय सांगायचं? ते त्या खाटेपाशी सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात शोभाताई आल्या आणि मी पर्स उचलली.

मग शोकसभा. रंजना आली होती. लग्न होऊन ती आष्टीला गेली, हे तुम्ही मला सांगितलं होतं. आता तिथे पंचायत समितीत निवडून आली आहे. अंगानं भरली आहे, आवाज मोठा झाला आहे. ती बोलायला उभी राहिली आणि म्हणाली, "आज मी एक गोष्ट सांगून टाकतो. इतके वर्षं सांगतली नाई."

तिकडच्या बायका 'सांगतो' म्हणतात, तशीच ती बोलत होती.

"सर सांगत होते, का रंजनानं एकटीनं गाडी बदलवली. नाई. मी पंधराव्या खेपेले गेली, त आगारातल्या बाबूनं मले दारातच सांगतलं, आता कायले आली बाई, तुमच्या कॉलेजातून शब्द आला, गाडी बदलली. म्या तवाच ओळखलं. सरांनीच गुपचूप फोन केला होता. माह्या बापानं कॉलेज बंद करतो म्हटलं होतं, ते सरांच्या कानावर गेलं असन. नियम मोडला त्यायनं माह्यासाठी. अन् वरून पोराईले सांगत, आपन बोट लावलं नाई. एवढ्या मोठ्या मनाचा मानूस होता."

सभागृहात लोक डोळे पुसायला लागले. शोभाताई पुसत होत्या. प्राचार्यसुद्धा.

"तेच मी त्यायच्यापासून शिकली," रंजना म्हणाली. "आष्टीत कोनाचंबी काम अडलं, मी गुपचूप शब्द टाकतो. मानसाले कळूबी देत नाई. रांगा लागते माह्या दारात."

सर, तुम्हाला आयुष्यात एवढी मोठी शिवी कोणी दिली नसेल, आणि ती तुम्हाला हार घालून दिली गेली. तुमच्या सगळ्यात लाडक्या पोरीच्या दारात रांगा लागतात. चौदा खेपा मारणारी पोरगी आता कोणाला एकही खेप मारू देत नाही. तुम्ही जन्मभर ज्याच्याशी भांडलात तेच ती तुमच्या नावानं करते आहे. आणि हे शिकवलं कोणी? मी. यांच्या दुकानातल्या फोनवरून, दोन मिनिटांत.

तेव्हा मी उभी राहिले. म्हटलं, माझी तक्रार आहे. झाडे सरांबद्दल इथे चुकीचं बोललं गेलं. त्यांनी फोन केला नव्हता. मी त्यांना करा म्हणून सांगितलं, त्यांनी नाही म्हटलं, मी त्यांना निर्दय म्हटलं, आणि त्याच संध्याकाळी फोन मी करवला. त्यांना मरेपर्यंत हे माहीत नव्हतं. त्यांनी कधीच बोट लावलं नाही.

रंजना माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघू शकले नाही. मग मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सेकंड इयरची अश्विनी, जी या वर्षी वही सांभाळते. तुमच्या फोटोसमोर ठेवायला म्हणून तिनं वही आणली होती. ती वही उघडून पुढे आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, तक्रारीत तुमचंच नाव लिहू का?"

"लिही," मी म्हटलं.

सभा संपल्यावर रंजना गेटपाशी थांबली होती. मला वाटलं, चिडेल. तिनं ओढणीच्या जागी आता पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि विचारलं, "मंग माह्या चौदा खेपा वाया गेल्या का, मॅडम?"

मी तिला खरं तेच सांगितलं. "मला माहीत नाही, रंजना. तू अर्ज दिलास, सह्या आणल्यास, ठराव आणलास. साहेब पाहतो म्हणाले होते. कदाचित पंधराव्या खेपेला त्यांनी स्वतःच सांगितलं असतं, की जा, तुझी गाडी बदलली. कदाचित नसतंही. ते आता कोणालाच कळणार नाही. ती पंधरावी खेप मी तुझ्याकडून घेतली."

तिनं बोटाचा पदर सोडवला. मग म्हणाली, "येतो मॅडम. पाच चाळीसची गाडी आहे माही." आणि गेली. तिला माझं पटलं की नाही, मला ठाऊक नाही. तिच्या दारातल्या रांगा उद्यापासून बंद होतील असंही नाही. मी तुम्हाला उगाच खोटं सांगत नाही आता.

शनिवारी दोन वाजता मी सतरंजी टाकली. गुडघे दुखतात हो खाली बसायला. तुम्ही सत्तरीत कसे बसत होता कोण जाणे. सात जण आले. त्यातले दोन तुमच्या शोकसभेचं ऐकून, मजा बघायला. एक मुलगी उभी राहिली. शनिवार सोडून रोज सकाळी कॉलेज करून सावंगीला एका दवाखान्याच्या नोंदणीखिडकीवर काम करते, साडेचारला सुटते आणि इथे पोचते तोवर वाचनकक्ष बंद. "पाचलेच कुलूप लागते मॅडम. घरी सहा मानसं एका खोलीत. मी वाचू कुठी?"

अश्विनीनं वही तिच्याकडे सरकवली. मुलीनं नाव लिहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. सर, तसंच पाहिलं, जसं वही हातात घेताना रंजनानं पाहिलं होतं.

तुम्हाला माहीतच आहे, ग्रंथपाल माझी मैत्रीण. वीस वर्षांपासूनची. दुपारचा चहा आम्ही एकाच टेबलावर पितो, एका डब्यात खातो. सोमवारी चहाला तिनंच विचारलं, "काय गं, काही म्हणायचंय का तुला? तोंड का असं केलंस?" दोन मिनिटांचं काम होतं. शब्द अगदी जिभेवर होता. मी म्हटलं, "काही नाही, गुडघे दुखतात." आणि चहा न संपवता उठले.

काल, दुसऱ्या शनिवारी, ती मुलगी आली. पडलेला चेहरा. "नाई म्हनाल्या त्या. मानूस नाई म्हने थांबाले." आणि पुन्हा माझ्याकडे पाहत राहिली. मी खाली मान घातली आणि पुड्यातल्या शेंगा फोडायला लागले. अश्विनीनं तिला विचारलं, मग आता तू काय करणार? ती विचार करत होती, पोरं काहीबाही सुचवत होती, आणि मी फोडत होते. कितीतरी वेळानं पाहिलं, तर माझ्यासमोर कागदावर दाण्यांचा ढीग झाला होता आणि त्यातला एकही मी खाल्ला नव्हता.

तेव्हा मला तुमचा तो ढीग आठवला. रंजना तिकडे नळाखाली रडकं तोंड धूत होती आणि तुम्ही सायकल स्टँडखाली बसून शेंगा सोलत होता, आणि मी तुम्हाला निर्दय म्हटलं. हात कशाततरी गुंतवून ठेवायला लागतात, हे तुम्ही मला तेव्हा सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, सर? मी ऐकलं असतं का, ते माहीत नाही. पण माफ करा मला.

आज रविवार. मुलगी उद्या दुसऱ्यांदा जाणार आहे. उद्या मी चहाला जाणार नाही.